केशरी पंखांचा पतंग

हे सांगू की नको, असं मला रोज वाटतं. पण तुम्ही आपली माणसं, आणि चहाही अजून गरम आहे, तर ऐकाच माझी फजिती.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीआधी लॅबमधलं जुनं कपाट आवरताना मागून कीटकांची एक पेटी निघाली. आत टाचणीला टोचलेला पतंग. उडवायचा नव्हे हो, फुलपाखराचा जाडजूड भाऊबंद! अंग हिरवंनिळं, पंख केशरी, त्यावर डोळ्यांसारखे काळे ठिपके. नावाची चिठ्ठी मात्र वाळवीने खाल्लेली.

पुस्तकं पालथी घातली. असा पतंग कुठेच नाही. पुण्याच्या एका अभ्यासकाला फोटो पाठवला, तर अर्ध्या तासात त्यांचा फोन. असा नमुना आपण कधी पाहिला नाही, कुठे सापडला तेवढं शोधा, म्हणाले. नवीन जात! तिला माझं आडनाव लावायचं, हे मी फोन ठेवायच्या आतच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सगळा स्टाफ लॅबमध्ये बोलावला. मी भिंग घेऊन वीस मिनिटं बोललो. पंखांच्या बुडाशी एक चकचकीत रेघ होती. ती या जातीची खास ग्रंथी असावी, असंही ठोकून दिलं.

पतंग कुठला, हे ठाऊक असणार एकट्या गुलाबरावांना. आयुष्यभर आमची लॅब सांभाळून निवृत्त झालेले, आता धामणगाव बढेला शेती करतात. त्यांनाही मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी चष्मा चढवला, पेटीत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हा म्याच केला, सर."

"केला म्हणजे?"

"याचे पंख झुरळायनं खाल्ले होते. टाकून द्याले जीवावर आलं. मंग दुसऱ्याचे पंख डिंकानं लावले."

म्हणजे ती खास ग्रंथी डिंकाची होती. प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले. पुण्याला आता काय कळवायचं, हा प्रश्न उरलाच. कसंबसं विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही इचारलंच कुठं?" मग टेबलावरच्या काचेच्या डबीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तो भुंगा बी तसाच हाय. डोकं एकाचं, बाकी दुसऱ्याचं."

तो भुंगा मी अकरा वर्षं प्रात्यक्षिक परीक्षेत ओळखायला ठेवतोय. दरवर्षी दोन-चार पोरं कागदावर 'ओळखता येत नाही' असं लिहायची. त्यांना मी शून्य दिलं. अख्ख्या वर्गात बरोबर उत्तर होतं ते त्यांचंच.