घरचा गूळ, बाजाराचा गूळ

गुळाची प्रत रंगावरून ठरवायला आमच्या कंपनीला मी शिकवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मला खूप राग येणार आहे आणि तो सगळा दुसऱ्यांवर काढला असं कुणाला वाटायला नको.

आमचं ऑफिस बंगळूरच्या बेळ्ळंदूरला आहे. तलावाकडची खिडकी वासामुळे कायम बंद. तिथे बसून आम्ही शेतीला स्पर्धेत उतरवतो. गुऱ्हाळवाल्याने ढेप फोडायची, आतल्या गुळाचा मोबाईलवर फोटो काढायचा, आणि आमचं ॲप क्षणात सांगतं, एक नंबर, दोन नंबर की तीन नंबर. मग देशातला कुठलाही खरेदीदार त्यावर बोली लावतो. व्यापाऱ्याची लहर नको, सौद्यात ताटकळणं नको. ही कल्पना मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. राग येतो तो त्यामुळेच जास्त येतो.

ॲपला आधी शिकवावं लागतं. कुणीतरी ढिगाने फोटो बघून सांगावं लागतं की हा चांगला, हा वाईट. टीममधल्या नागपूर-मुंबईच्या पोरांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नव्हतं. मी निपाणीकडचा, घरचंच गुऱ्हाळ. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. पिवळाधमक दिसला की मी एक नंबर देत गेलो, काळपट दिसला की तीन. मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सौद्यात तसंच चालायचं.

आणि तो पिवळा कशाने येतो हे मला माहीत होतं. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवायच्या वेळी रसात पांढरी पावडर टाकतात. रंग उजळतो, नाकात गंधकाचा वास जातो. आमच्या घरी हंगामात एक काहील बिनपावडरीची निघायची. तो घरचा गूळ. बाकी सगळा बाजाराचा. यात लपवाछपवी नव्हती. घरात घालायचे कपडे वेगळे आणि बाहेरचे वेगळे असावेत, इतकं ते साधं होतं.

ही रीत मोडली माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने. गुऱ्हाळ तिच्या हाती आलं त्याच सुमाराला तिची सून घरात आली, घटप्रभेकडची, सासूला कानडीतून अत्ते म्हणणारी. पहिल्याच हंगामात तिने विचारलं, "मग बाजारातलं कोण खातंय, अत्ते?" अक्काने पावडरीचा डबा गुऱ्हाळात यायचा बंद केला. जे घरात खायचं तेच विकायचं. गूळ गडद निघायला लागला, पण सौद्याबाहेर, गुऱ्हाळावरच येणारे नेहमीचे व्यापारी तोंडात टाकून बघायचे आणि घ्यायचे. मग आमचं ॲप तिथे पोचलं. व्यापाऱ्यांनी चव बघणं सोडलं, ते मोबाईलमधला नंबर बघायला लागले. मागचा अख्खा हंगाम अक्काचा गूळ तीन नंबरला गेला.

यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ती बंगळूरला आली, सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर. चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, "तम्मा, तुमच्या त्या मशीनला जीभ हाय का न्हाई?" धाकट्या भावाला आमच्या सीमाभागात असंच हाक मारतात.

मी हसलो. ती हसली नाही.

"हसतोस काय? शेजारचा मला म्हणतो, तुझ्या भावानंच तुला नापास केलंय. खरं हाय का?"

"अक्का, तसं नसतं ते. खूप लोक मिळून..."

"खूप लोकांचं सोड. तू काय केलास ते सांग."

मी सांगितलं. तिने चहा संपवला. मग म्हणाली, "गड्यांची वर्षाची उचल देऊन झालीया. चुलवाण पेटवायला दिवस राहिले न्हाईत. ह्या खेपेला बी तीन नंबर लागला, तर मला पावडर टाकाय लागंल. न्हाईतर गुऱ्हाळ बंद. तू तुझ्या आफिसात बोल."

रविवारी आमच्या सोसायटीच्या आवारात बाजार भरतो. भाज्या, मध, लाकडी घाण्याचं तेल. मी अक्काला घेऊन गेलो, आणि तिथेच माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. एका टेबलावर काचेच्या बरण्यांतून गूळ होता, अक्काच्या गुळासारखाच, तपकिरी, काळ्याकडे झुकणारा. त्याच्यापुढे रांग. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पुणेकर वहिनी मला म्हणाल्या, "डार्कच घ्या हं, यलोमध्ये केमिकल असतं." त्यांचे यजमान कशात काम करतात? अशाच एका शेतमालाच्या कंपनीत.

अक्काने खडा तोंडात टाकला. "बरा हाय की," म्हणाली. मग रांगेकडे बघत राहिली. "हितं सगळी काळा घेत्यात. मग तुमच्या आफिसात पिवळा मागतंय कोण?"

विकणारा तिच्याकडे बघून म्हणाला, "इन्नू स्वल्प टेस्ट माडी, अम्मा," आणखी थोडं चाखा. तिने त्याला कन्नडमध्येच सांगितलं की गुऱ्हाळ माझ्याही घरी आहे. तो भला होता, हसला, आणखी एक खडा दिला. मला त्याचाही राग आला, उगाचच.

सोमवारी मी आमच्या प्रमुखांकडे गेलो. त्या माझ्याहून लहान, पुण्याच्या, मराठीत बोलायला मिळतं म्हणून एरवी माझ्याशी मोकळ्या. मी म्हटलं, रंग प्रतीतून काढून टाकू या, निदान त्याचं वजन कमी करू या. पावडरीचं, अक्काचं सगळं सांगितलं.

"अहो, पण बायरला यलोच हवाय ना? मिठाईवाले, चिक्कीवाले, एक्स्पोर्टवाले. आपण थोडंच ठरवतो?"

"आपणच ठरवतो. व्यापारी आधी चव बघायचे. आपला नंबर आल्यापासून बघत नाहीत."

"हो, मग तीच तर आपली एफिशियन्सी आहे."

"महिन्याभरात तो पिवळा गूळसुद्धा काळवंडतो. पावडरीचा रंग टिकत नाही."

त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली. "तोपर्यंत विकला गेलेला असतो ना?"

त्या वाईट नाहीत. हे वाक्य त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नाही, मला धीर द्यायला म्हटलं. म्हणून तर मी सोडलं नाही. मी म्हटलं, मग गडद गुळासाठी वेगळी प्रत काढा. त्या म्हणाल्या, आहे की, सेंद्रियची, प्रमाणपत्र अपलोड करायचं फक्त. अक्काच्या गुऱ्हाळात गावातल्या पंधरा घरांचा ऊस येतो. त्या प्रत्येक शेताचं प्रमाणपत्र, तेही काही वर्षं रासायनिक खत बंद ठेवल्यावर. मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ताईंना सांगा ना, थोडं इनोव्हेट करायला हवं. कॉम्पिटिटिव्ह व्हायचं तर चेंज आलाच."

माझी बहीण बदलली होती. सगळ्या शिवारात तिने एकटीने काहीतरी नवं केलं होतं, आणि आमच्या नव्या यंत्राने तिला ओढून पुन्हा जुन्या जागी आणून उभं केलं होतं. हे मी त्यांना मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं, टेबलावर हात आपटून. मी कानडीतलं 'बरं' म्हटलं, "सरी, बघतो." आणि जागेवर येऊन बसलो. माझ्या मुलीची फी, फ्लॅटचे हप्ते, माझं वय, या वयात दुसरीकडे कोण घेतो, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. राग गिळला की तो खाली उतरतो असं लोक म्हणत असतील. माझा तिथेच छातीत अडकून बसला आहे.

संध्याकाळी अक्काला सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "बरं. तू विचारलास, तेवढं झालं." आणि पिशवी भरायला लागली. मला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. मीच ओरडलो, "अगं, एक वर्ष कळ काढ ना!"

"कळ मी काढू?" ती वळली. "गडी पोरंबाळं घिऊन आल्यात, त्यास्नी सांगू कळ काढा म्हणून? तू सांगतोस का येऊन?"

हंगाम सुरू झाल्यावर परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे काहील उकळत होती, धुराने चित्र अंधूक झालं होतं. तिने कॅमेरा ढेपेवर धरला. पिवळीधमक, लग्नातल्या हळदीसारखी. मग तिने दुसरा मोबाईल पुढे धरला; त्यावर आमचं ॲप उघडून तिने ढेपेचा फोटो काढला होता. एक नंबर. खाली आमच्याच टीमने घातलेला हिरवा संदेश, अभिनंदन, तुमचा माल आता स्पर्धेत पुढे आहे.

"पास झालो बघ," ती म्हणाली. आवाजात टोमणा शोधला, सापडला नाही. नुसती दमलेली होती.

"सून काय म्हणाली?"

"काय म्हणंल? गुऱ्हाळात येत न्हाई आता." मग तिने कॅमेरा कोपऱ्याकडे वळवला. तिथे पोत्यावर चार छोट्या ढेपा होत्या, गडद. "पैली काहील घरची काढली. बिनपावडरीची. उद्या गावातनं एकजण बंगळूरला यायलाय. तुला गूळ देऊ लावून?"

"दे की."

"कुठला देऊ?"

मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती थांबली होती, फोनकडे बघत. एवढं सगळं होऊन, सगळं कळून, माझ्या तोंडून एका दमात निघालं, "घरचा."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.