पोडावर नेटवर्क वळवताना

प्रयोगाच्या रिपोर्टमध्ये सिग्नल आधी किती, नंतर किती, एवढेच रकाने असतात. मधल्या काळात माणसं काय काय बोलली ते लिहायला जागाच नसते. मग ते माझ्याजवळ साचत जातं. मी यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. म्हणजे गावंडे सर विचार करतात आणि मी शिडी धरतो.

*

झरी जामणीकडच्या जंगलात कोलाम आदिवासींचं एक पोड आहे, छोटी वस्ती. टॉवर फार लांब नाही, पण मधे टेकडी आडवी. त्यामुळे पोडावर मोबाइल म्हणजे नुसती टॉर्च. एका कंपनीनं त्या टेकडीवर 'रिकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस' लावून बघायचं काम आम्हाला दिलं. नाव घेईपर्यंत चहा थंड होतो, वस्तू मात्र साधी. बारीक चौकोनांचा दाराएवढा पॅनल. टॉवरचा सिग्नल झेलायचा आणि पाहिजे त्या घराकडं वळवायचा.

सरांनी अंगणवाडीत लॅपटॉप उघडून चाळीस स्लाइड दाखवल्या. शेवटी पोडावरच्या लक्ष्मीताई म्हणाल्या, "म्हंजे आरशानं घरात ऊन पाडते तसंच ना, सर?"

"हो," सर म्हणाले, आणि लॅपटॉप मिटला. त्या चाळीस स्लाइड मी तीन रात्री जागून बनवल्या होत्या.

*

लक्ष्मीताई तिथल्या आशा सेविका. कुणाला कळा आल्या की अ‍ॅम्ब्युलन्ससाठी त्या टेकडी चढून फोन लावायच्या. मागच्या वर्षी फोन लागेपर्यंत उशीर झाला आणि एक बाळ गेलं. हे त्यांनी नाही, दुसऱ्यांनी सांगितलं. ते ऐकल्यापासून शिडी जड लागते म्हणून मी कुरकुर केली नाही. म्हणजे कमी केली.

*

एप्रिलमध्ये पॅनल लावला. अंगणवाडीत फोन खणखणीत लागला. सरांनी पेढे वाटले. जुलैमध्ये गेलो तर सिग्नल गायब. आम्ही वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, दिवसभर पावसात भिजलो. माधवबाबा नावाचे म्हातारे तेवढा वेळ छत्री धरून बघत होते.

संध्याकाळी ते हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही आल्ते तवा साग उघडा होता. आता पाल्यानं भरला. सागाले पानं येते, हे कालेजात नाई शिकवत काय?"

खरंच, पॅनलच्या समोर हिरवीगार भिंत उभी होती. दुसऱ्या दिवशी पॅनल उचलून उंच खडकावर नेला. कुणी नेला ते सांगत नाही, माझी कंबर अजून सांगते.

*

नेटवर्क घरोघरी आलं तरी एक सूनबाई रोज टेकडी चढून माहेरी फोन लावायची. सरांना वाटलं, तिच्या घराकडं सिग्नल कमी पडतो. मशीन घेऊन मोजायला निघाले.

ती म्हणाली, "सिग्नल लय आहे, सर. घरात सासू ऐकते."

सरांनी मशीन पिशवीत ठेवलं.

*

पॅनल थोडाफार सिग्नल सगळीकडं देतो, पण पूर्ण जोर एका वेळी एकाच बाजूला. कोणाकडं वळवायचा यावरून भांडणं होतील असं वाटलं होतं. लक्ष्मीताईंनी प्रश्नच मिटवला. त्यांचा फोन यायचा, "सर, आता वडाजवळच्या घराकडं फिरवा." आम्ही यवतमाळात बसून लॅपटॉपवरून फिरवायचो.

कंपनीचा माणूस आकडे बघून चक्रावला. "हा कोन अधूनमधून बदलता, त्याचा आधार काय?"

सर म्हणाले, "नववा महिना."

*

मुदत संपली. पॅनल काढून परत पाठवा, असं कंपनीचं पत्र आलं. गावंडे सर नियमाचे पक्के. सह्यांच्या रजिस्टरवर वेळसुद्धा मिनिटासकट लिहितात. ठरल्या दिवशी पाने-पक्कड, दोर, शिडी घेऊन आम्ही पोडावर पोचलो.

लक्ष्मीताई सुनीताच्या अंगणात उभ्या होत्या. पॅनल तेव्हा तिच्याच घराकडं वळवलेला. सुनीता पोटावर हात ठेवून ओट्यावर बसली होती. आधीचं बाळ गेलं, ते तिचंच.

"सर, हिचे दिवस भरले," लक्ष्मीताई म्हणाल्या. "चार दिवस राहू द्या ना. मंग मीच शिडी धरतो."

मला फार वाईट वाटलं, पण पत्राच्या पोचपावतीवर सही सरांची होती.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. आवाज इतका स्वच्छ की कंपनीचा साहेब काय म्हणतो ते अंगणात सगळ्यांना ऐकू आलं, "काय गावंडे सर, काढला का पॅनल?"

सरांनी टेकडीकडं पाहिलं. सुनीताकडं पाहिलं.

"हॅलो? हॅलो? साहेब, आवाज तुटून राह्यला तुमचा. इथं नेटवर्कच नाही."