टेलरमास्तरची लांबची फेरी

ट्रान्सपोर्टच्या फाटकावर मी बरीच वर्षं बसलो. तिथे आल्या-गेल्यांपैकी एकाबद्दल चार ओळी लिहाव्यात असं कधीचं मनात आहे. जमेल तसं लिहितो.

त्याला सगळे टेलरमास्तर म्हणायचे. पूर्वी त्याचं शिवणाचं दुकान होतं. तयार कपड्यांपुढे ते चालेना, तेव्हा चाळिशीला टेकलेल्या या माणसाने जड वाहनाचा परवाना काढला. बायको दूरच्या गावी दवाखान्यात आया होती, लेक तिच्यापाशी. आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला गावातल्या गावात माल पोचवायला लागे. लांबच्या फेऱ्या जुन्यांच्या. त्यातली एक फेरी नेमकी त्याच्या बायकोच्या घरावरून जायची. मास्तरचा जीव त्या फेरीतच अडकलेला. मला म्हणायचा,

"काका, जास्त काही नाही. दारात गाडी लावीन, कपभर चहा घेईन नि निघेन."

मालकांनी शब्द दिला होता, सोमवारपासून ती गाडी तुझी.

गाडी मागे घेताना तो फार जपायचा. वस्ताद म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो ओरडायचा, "अरे मास्तर, लाव की आता! सुईत दोरा ओवतोयस काय?"

"ओवतोच आहे वस्ताद. दोराच जरा जाडा आहे."

गाडी मागे घेताना क्लीनरने मागे उभं राहून पत्र्यावर थाप मारायची, ही आमची पद्धत. सुटी थाप म्हणजे ये, जोडथाप म्हणजे थांब. त्या शनिवारी गोदामाच्या ओट्याला दोन गाड्या शेजारी-शेजारी लागत होत्या. मास्तरचा क्लीनर न सांगता चहाला सटकला होता. शेजारच्या गाडीवरच्या थापा मास्तरला आपल्याच वाटल्या आणि तो मागे येत राहिला. ओट्याच्या कडेला एक हमाल पाय सोडून बसला होता. त्याचं पाऊल ओटा आणि गाडीच्या मागच्या फाळक्याच्या मध्ये चेचलं.

मास्तरने त्याला उचलून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं, पण पाऊल वाचलं. संध्याकाळी तो परत आला तेव्हा वस्ताद फाटकापाशीच वाट बघत होता.

"क्लीनर जागेवर नव्हता म्हणून सांग. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही."

"मग झालं तर!"

"पण मागे कोणी आहे का, हे मी उतरून बघितलं नाही, वस्ताद. नुसत्या थापेवर विसंबलो."

"शहाणाच आहेस. सोमवार हातचा जाईल."

मालकांपुढे क्लीनर मान खाली घालून उभा होता. मास्तरने सांगितलं, "स्टिअरिंग माझ्या हातात होतं. चूक माझी."

"खरं बोललास, बरं केलंस," मालक म्हणाले. "क्लीनरकडे मी बघतो. पण लांबची गाडी आता वर्षभर तरी तुला देणार नाही."

"बरं," मास्तर म्हणाला. बाहेर येऊन तो माझ्या बाकावर बसला. "काका, पोरीला सांगून बसलोय हो मी." मी जरा सरकून त्याला जागा दिली.

सोमवारी ती गाडी वस्ताद घेऊन निघाला. मास्तर पायरीवर चढून त्याला सांगत होता, "पूल उतरलात की डाव्या हाताला पाण्याची टाकी. तिच्यामागचंच घर. तिथे हॉर्न द्या जरा."

"नि मला म्हाताऱ्याला कोण बघायला येतंय?"

"द्या हो. फोनवर सांगितलंय मी, गाडी आपली, माणूस दुसरा."

वस्ताद परतला तेव्हा मास्तर गावातली फेरी संपवून फाटकातच घुटमळत होता.

"आली होती," वस्ताद खाली उतरत म्हणाला. "दुसरा माणूस म्हणून सांगितलंस, तरी पायरीवर चढून आत वाकून बघितलंन. पलीकडच्या बाजूनेसुद्धा. मग म्हणाली, आजोबा, पाणी हवंय का?"

मास्तर हसला. "उंच झालीय का?"

वस्तादने छातीशी हात आडवा धरला. "ही एवढी."

"तुमच्या छातीला की माझ्या? तुम्ही बुटके आहात."

"माझ्याच रे बाबा."

मास्तर पुढे झाला. वस्तादच्या हाताखाली त्याने आपला हात धरला. वस्तादने आपला काढून घेतला, तरी मास्तरचा तिथेच होता.