लीझल दारात थांबली

सेप्पआजोबा गेल्याचा एसएमएस आला तेव्हा मी ऑफिसच्या कामाने ड्रेस्डेनला होते, ट्राममध्ये. आणि पहिला विचार काय आला, तर आता लीझलचा मुकुट कोण काढणार? माणूस गेलाय आणि मला गाय आठवतेय! पण थांबा, नीट सांगते, नाहीतर मी नेहमीसारखी धावत सुटेन.

बव्हेरियात, आल्प्सच्या एका दरीत आमचं एवढंसं गाव. एक चर्च, एक बेकरी, आणि गेमाइंडे, म्हणजे ग्रामपंचायत, तीसुद्धा मनात येईल तेव्हा उघडी. मी खालच्या कारखान्यात इंजिनियर, आणि सेप्पआजोबा-रोझीआजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू. पुण्याची पोरगी, एका जागी बसणं माहीतच नाही. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाने बस बंद पडली आणि मी खोलीत नुसत्या येरझारा घालत होते, तर खालून छतावर काठीची ठकठक! "मेडल, माझं छत झिजलं! खाली ये, हाताला काम देतो." मेडल म्हणजे मुलगी. शेवटपर्यंत आजोबांनी मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही.

काम काय, तर कागदाची फुलं. त्यांच्या गायी उन्हाळाभर वर डोंगरात चरतात, सप्टेंबरमध्ये खाली येतात, आणि सगळ्यात पुढच्या गायीच्या डोक्यावर फांद्या-फुलांचा हा एवढा मुकुट. ती पुढची गाय म्हणजे लीझल. गोठ्याच्या दारात आली की ती डोकं खाली करायची, आजोबा मुकुट काढायचे, मग मीठ लावलेला पाव द्यायचे. मी म्हटलं, आमच्याकडे पोळ्याला बैल सजवतात. तर म्हणे, "तुम्ही कामकऱ्यांना सजवता, आम्ही सुट्टीवरून आलेल्यांना!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. मी भराभर फुलं वळायची, ती उलगडायची. "सावकाश... गाय मुंबईला नाही चाललेली." शेवटी माझा एक भगवा झेंडू जमला. त्यांनी तो उजेडात धरला, नाक मुरडलं, आणि मुकुटाच्या बरोबर मधोमध बांधला. "यंदा लीझल इंडियन."

ऑगस्टमध्ये ते गेले. झोपेतच.

मुकुट तयार होता ना, गोठ्यात खुंटीला टांगलेला! मी ड्रेस्डेनहून आले, आणि सप्टेंबरात गायी उतरायच्या सकाळी तो काढला, धूळ झटकली आणि रोझीआजींसमोर धरला. त्या नाही म्हणाल्या. घरात कोणी गेलं की गायी तशाच येतात, बिनसजवलेल्या. मी ऐकते कुठली! "अहो, पण आजोबांनीच बनवलाय! त्यांना बघायचा होता तिच्या डोक्यावर!"

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "म्हणूनच नाही." आणि मुकुट परत खुंटीला.

मला इतका राग आला. तडक पुण्याला आईला फोन. आई म्हणाली, "अगं, सुतकात आपण सण करतो का?" माझे पुण्याचे आजोबा गेले त्या वर्षी आमच्या घरी आकाशकंदीलसुद्धा लागला नव्हता. मला माहीत होतं की हे! तरी पायाला चैन नव्हती. गेट ते गोठा, गोठा ते गेट.

मग घंटा ऐकू आल्या. रस्त्याकडेला अख्खं गाव उभं, कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. लीझल पुढे, डोकं उघडं. आली, दारासमोर थांबली... आणि डोकं खाली केलं. डोक्यावर काही नाही, तरी. मागच्या गायी खोळंबल्या, गुराख्याने हाक मारली, ही ढिम्म. रोझीआजींनी तोंडाला रुमाल लावला.

मी पुढे गेले. दोन्ही हात तिच्या शिंगांशी नेले आणि नसलेला मुकुट उचलला. सावकाश. तो बाजूला ठेवला. रोझीआजींनी ॲप्रनच्या खिशातून पाव काढला, मीठ लावलेला... म्हणजे त्यांनी आणला होता! लीझलने तो खाल्ला आणि आत गेली.