आधी कोण चढणार?

पोनियेमचं तोंड आणि मेरापी हा आगीचा डोंगर, दोन्ही कधी उसळतील याचा नेम नसे. फरक इतकाच, की मेरापी अधूनमधून गप्प बसे. विधवा बाई, उतारावरचं सगळ्यात वरचं घर, आणि सोबतीला मेलाती नावाची काळी-पांढरी गाय. चूल पेटायची ती तिच्याच दुधावर. नवरा गेला तेव्हा पोनियेम चारचौघांत रडली नाही; मेलातीला ताप आला तेव्हा मात्र रडून रडून तिनं सगळी वाडी गोळा केली.

त्या सकाळी आभाळातून राख पडू लागली. उद्रेक हा शब्द वाडीत कुणी उच्चारत नाही. डोंगर म्हणजे आजोबा. आजोबांकडे आज कार्य आहे, असं म्हणायचं.

"बरंच मोठं कार्य काढलेलं दिसतंय," छपरावरची राख खराट्यानं ओढत पोनियेम करवादली. "आणि खरकटं सगळं माझ्या दारात!" लगेच जीभ चावून तिनं डोंगराला हात जोडले.

दुपारपर्यंत छप्पर करकरायला लागलं, टाकीतल्या पाण्याचा चिखल झाला. मेलाती खोकू लागली, तशी पोनियेमनं स्वतःचं एक लुगडं घागरीत भिजवून तिच्या नाकाला बांधलं. तेवढ्यात धोक्याची सूचना देणारे पोकळ बांबू वाजू लागले, ते थांबेचनात. वरून मेंढरं निघाली होती. तापलेल्या राखेच्या ढगाला वाडीत मेंढरंच म्हणतात. दिसायला कुरळी, गुबगुबीत, आणि वाटेत येईल ते भाजून काढणारी.

पोनियेम गाय ओढत खाली आली. वाळूचा ट्रक मागची फळी पाडून बांधाला लावून उभा होता. चालवणारा हेरी खालच्या शहरातून आलेला.

"फक्त माणसं!" तो ओरडला. "गाय नाही, काकू!"

"मग मीही नाही."

"अहो, जीव जाईल!"

"जाऊ दे. हिला इथं जळायला सोडून मी कुठल्या तोंडानं जगू रे?" बोलता बोलता तिला हुंदका फुटला.

इकडे ट्रक मात्र रिकामाच. सगळी वाडी त्याच्यापुढे, एकमेकांना वाट देत, अदबीनं कमरेत वाकून उभी.

"सास्त्रो आजोबा, चढा."

"छे छे, आधी लेकुरवाळ्या."

"म्हाताऱ्या माणसांच्या आधी? आम्हाला काही वळण आहे की नाही? मास्तर, तुम्ही तरी!"

"मी कसा? आधी पाहुण्यांचा मान."

पाहुणा म्हणजे हेरी, आणि तो स्टिअरिंगपाशी रडकुंडीला आलेला. "चढा हो कुणीतरी! पाया पडतो!"

डोंगर गडगडला. माणसं दचकली आणि जरा घाईघाईनं एकमेकांना आग्रह करू लागली.

"मुडदे बसले तुमचे!" पोनियेम कडाडली. "पंगतीला आलात काय?" तिनं गर्दीतून वाट काढली, मेलातीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला सरळ बांधावरून ट्रकमध्ये घातलं. मेलातीला वळण कुठलं? ती तडक आत जाऊन पार पुढच्या फळीला टेकली.

"झालं! चढलं कुणीतरी आधी! आता या!"

आणि खरंच मिटलं. आता पहिलं चढण्याची पाळी कुणावरच नव्हती. "माफ करा हं, माफ करा" म्हणत अख्खी वाडी भराभरा चढली. हेरीनं मागे पाहिलं. गाय उतरवायची तर आधी सगळ्यांना उतरवायचं, आणि मग पुन्हा चढवायचं. त्यानं कपाळावर हात मारला आणि ट्रक हाकला.

वाटेत मेलाती सास्त्रो आजोबांच्या टोपीवर शिंकली. "असू दे, असू दे," टोपी पुसत ते म्हणाले, "मागून आलेल्यानं तक्रार करू नये."

संध्याकाळी खाली शाळेच्या मैदानात खबर आली. मेंढरं घळीतून उतरली होती. पोनियेमचं घर, गोठा, काही म्हणता काही उरलं नव्हतं.

पोनियेम मटकन खाली बसली. मोठ्यानं, कुणाची भीडभाड न ठेवता रडली. मग उठून तिनं मेलातीच्या गळ्याला मिठी मारली.

"बाई गं," ती नाक ओढत म्हणाली, "या मेल्यांना वळण नसतं, तर तू तिथंच राहिली असतीस."