तीन टिंबवाला

इब्राहिमभाईंनी इंजिनावरचं गोणपाट ओढून काढलं आणि मला माझीच खूण दिसली. इंजिन नंबर कोरलेला असतो त्याच्या जरा खाली, लोखंडी पंच ठोकून मारलेली तीन टिंबं. दोन खाली, एक वर. अख्ख्या मुंबईत अशी खूण मारणारा एकच माणूस होता, आणि तो मी.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. जागा कुर्ल्याचा भंगार बाजार, रविवारची सकाळ. माझ्याबरोबर आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले परबकाका होते. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांनी टॅक्सी घेतली होती आणि तीन आठवड्यांपूर्वी घाटकोपरला भर रस्त्यात तिचं इंजिन फुटलं होतं. आतला रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य लोखंडी साचा. तो फुटला की इंजिन संपलं. नवं इंजिन काकांना परवडणारं नव्हतं. घर त्या एका टॅक्सीवर चालायचं. तरी रोज सकाळी ते ती उभी गाडी धुवायचे. मी एकदा म्हटलं, "काका, उभ्या गाडीला कशाला धुता?"

"गिऱ्हाईक नाय म्हणून दुकान झाडूचा नाय काय?" ते म्हणाले.

मी तेव्हा मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर होतो. म्हणजे अपघात झालेली गाडी बघायची, काय मोडलंय, दुरुस्तीला किती लागेल याचा रिपोर्ट कंपनीला द्यायचा. दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर जायला लागली की 'टोटल लॉस' लिहायचं. मग कंपनी मालकाला ठरलेली रक्कम देते आणि मोडकी गाडी भंगारवाल्याला विकते. मी निकामी ठरवलेल्या इंजिनावर, गिअरबॉक्सवर पंच मारून ठेवायचो, म्हणजे तोच मोडका माल दुसऱ्या क्लेममध्ये दाखवून कोणी कंपनीला बनवू नये. असा नियम नव्हता, ही माझी स्वतःची शिस्त. तिचा मला भलता अभिमान होता. मला कोणी फसवू शकत नाही, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो.

म्हणूनच काकांनी मला बरोबर आणलं होतं. "माका काय कळता त्यातला? तू बघ आणि सांग."

तर ती खूण बघून माझं डोकंच फिरलं. माझ्यासमोर, माझ्याच शेजाऱ्याला, मीच निकामी ठरवलेलं इंजिन विकताय? मी इब्राहिमभाईंना म्हटलं, "हे भंगार आहे. दुसरं दाखवा."

इब्राहिमभाई मूळचे राजापूरचे, जन्म कुर्ल्यातला. साठीचे असतील. ते शांतपणे म्हणाले, "कशावरून, साहेब?"

"ही तीन टिंबं. सर्व्हेअरने निकामी मालावर मारलेली खूण आहे ही."

ते हसायला लागले. अगदी खांदे हलेपर्यंत हसले. "अहो साहेब, ती खूण बघूनच तर घेतलं मी हे! तीन टिंबवाल्याचा माल आहे. बाजारात विचारा कोणालाही. तीन टिंबं दिसली की आम्ही डोळे झाकून बोली लावतो."

"म्हणजे?"

"हा सर्व्हेअर लय कडक आहे म्हणतात. पण इंजिनाला हात लावत नाही. लांबून बघतो, निकामी लिहितो, पंच मारतो, निघाला. निम्मा माल चांगला निघतो त्याचा. अल्ला त्याला खूप आयुष्य देवो."

मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. वाटलं, हा धंदेवाला माणूस, माल खपवायला काहीही सांगेल. इंजिन उघडून त्याला खोटं पाडतोच आता.

पण आधी ते चालू करून ऐकायचं. भंगारात इंजिन बघायची रीत सोपी असते. पहिल्यांदा त्यावर तळहात ठेवायचा. ते गार पाहिजे. गिऱ्हाईक यायच्या आधी चालवून गरम केलेलं इंजिन आपला आजार लपवतं. हे गार होतं. मग ऑइलची पट्टी बाहेर काढायची. ऑइल दुधाळ झालं असेल तर ब्लॉकला तडा आहे, आत पाणी मिसळतंय. हे ऑइल काळं होतं, पण स्वच्छ. मग इब्राहिमभाईंच्या माणसांनी इंजिन जुन्या टायरवर ठेवलं, बॅटरी लावली, पेट्रोलची बाटली खिळ्याला टांगली, पाण्याचा पाइप जोडला. दुसऱ्या झटक्याला ते सुरू झालं. अर्धा तास चालवलं. ना खडखड, ना धूर.

"आता उघडा," मी म्हटलं.

"साहेब, चालू इंजिन उघडायचं?"

"गॅस्केट मी देतो. उघडा."

हेड काढलं. हेड म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे दोघांमधली पट्टी, जी झाकण उघडलं की नवी घालावी लागते. मी बाह्या वर केल्या आणि पहिल्यांदाच त्या इंजिनात हात घातला. प्रत्येक सिलिंडरवरून बोट फिरवलं. बाहेरून ब्लॉक रॉकेलने धुतला, खडू लावला. तडा असेल तर खडूवर ऑइलची रेघ उमटते. एकही उमटली नाही. पुढचं पातळ कव्हर मात्र नवीन दिसत होतं.

"हे बदललं?"

"तेच फुटलं होतं, साहेब. बाकी इंजिनाला काय धाड भरली नव्हती."

तेव्हा मला सगळं आठवलं. दहिसर चेकनाक्याजवळ ट्रकने ठोकलेली गाडी. मालक डिमेलो, बोरिवलीच्या गावठाणातले, वय झालेले. गाडी फक्त रविवारी चर्चला जायला काढायचे. गॅरेजमध्ये गाडीखाली ऑइलचं थारोळं होतं. फोरमन म्हणाला, "ब्लॉक गेलाय, साहेब." मी वाकून बघितलं, ऑइलने माखलेली एक रेघ दिसली. मला वाटलं तडा. ती त्या कव्हरची होती. त्या दिवशी मला अजून तीन सर्व्हे करायचे होते आणि अंगात पांढरा शर्ट होता. दिवसभर गॅरेजेस फिरून शर्ट पांढरा ठेवतो, याचीही मला फुशारकी होती. डिमेलो मागे मागे येत होते. "साहेब, इंजिनाला काय नाय झालं. एकदा चालू करून तर बघा." मी म्हटलं, "अंकल, हे माझं काम आहे." इंजिनाची किंमत धरल्यावर हिशेब वर गेला आणि गाडी टोटल लॉस झाली. इंजिन धरलं नसतं तर ती दुरुस्त होऊन त्यांच्या दारात उभी राहिली असती.

इब्राहिमभाई चहा सांगायला गेले. परबकाका माझ्याकडे बघत होते. "घेऊ काय?"

"घ्या. पण आधी एक सांगतो. ती खूण माझी आहे, काका. तो तीन टिंबवाला मीच."

काकांनी वाकून ती टिंबं बघितली. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा तू उघडून बघूक नाय?"

"नाही."

"आता बघलंस मा?"

"हो."

"मग घेव या."

आठवड्यात इंजिन टॅक्सीत बसलं. पण अर्धंच काम झालं होतं. इंजिन बदललं की नवा इंजिन नंबर आरटीओत जाऊन गाडीच्या पुस्तकात चढवून घ्यावा लागतो. नाहीतर टॅक्सी रस्त्यावर काढता येत नाही. त्यासाठी इंजिन कुठून आलं त्याचे कागद लागतात. कागद चोख होते, हीच पंचाईत. कंपनीच्या विक्रीपत्रात माझ्या रिपोर्टमधलं वाक्य जसंच्या तसं होतं: 'ब्लॉकला तडा, इंजिन निकामी.'

आरटीओतल्या साहेबांनी ते वाक्य बोट ठेवून काकांना दाखवलं. काका म्हणाले, "साहेब, गाडी खाली उभी आहे, चालवून बघा." साहेब म्हणाले, "कागद म्हणतो निकामी. उद्या पॅसेंजरला काय झालं तर? ज्या सर्व्हेअरने हे लिहिलं, त्याच्याकडून इंजिन ठीक असल्याचं लिहून आणा." साहेबांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या सगळ्या प्रकरणात आपलं काम नीट करणारा तो एकटाच माणूस होता.

काका संध्याकाळी माझ्याकडे आले. माझीच सही पाहिजे असं ते तोंडाने म्हणाले नाहीत. "दुसरो कोण लिवन देईल काय रे?" एवढंच विचारलं. आणि पाणी पिऊन गेले.

मी लिहायला बसलो. वाट सोपी होती. 'दुरुस्तीनंतर इंजिन तपासले, ठीक आहे.' बस. 'दुरुस्तीनंतर' हा एक शब्द घातला की माझा जुना रिपोर्टही खरा आणि नवाही खरा. दुरुस्तीचं बिल इब्राहिमभाईंनी हसत हसत दिलं असतं. काकांची टॅक्सी सुटली असती, कोणाचंच नुकसान नव्हतं. मी तसं लिहिलंसुद्धा. वाचून बघितलं. आणि मला इब्राहिमभाईंचं बाजारातलं हसणं आठवलं. अख्ख्या बाजाराला माहीत होतं की हा माणूस इंजिनाला हात लावत नाही. माहीत नव्हतं ते फक्त मला. आता मलाही कळलं होतं, आणि तरी मी, न झालेली दुरुस्ती घालून, पुन्हा खोटंच लिहीत होतो.

तो कागद फाडला. दुसरा घेतला. 'अपघातानंतर मी हे इंजिन उघडून तपासले नव्हते. ब्लॉकला तडा असल्याचा माझा निष्कर्ष चुकीचा होता. आता उघडून तपासले आहे. इंजिन चांगले आहे.' तीन प्रती केल्या. एक काकांना, एक कंपनीला, एक डिमेलोंना.

टॅक्सी चौथ्या दिवशी सुटली. पाचव्या दिवशी मला कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथले मॅनेजर माझ्याच वयाचे, बोलायला एकदम रोखठोक.

"हे काय आहे?"

"माझं पत्र."

"ते दिसतंय. लेखी कशाला दिलंस? माझ्या कानात सांगितलं असतंस तर मिटवलं असतं. आता ही फाइल ऑडिटला जाणार. आपण टोटल लॉसचे पैसे दिले आणि इंजिन टॅक्सीत पळतंय, यार!"

"हो."

"तुझे असे अजून किती रिपोर्ट आहेत?"

या प्रश्नाला मी घाबरून होतो. म्हटलं, "माहीत नाही. उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्यांनी माझं नाव पॅनेलवरून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हेअरांच्या यादीतून, काढलं नाही. फक्त काम देणं बंद केलं. पाच महिने ऑफिसचा फोन आला नाही. बायको शाळेत शिकवायची म्हणून निभावलं. त्या दिवसांत परबकाका टॅक्सी घेऊन निघताना हॉर्न वाजवायचे. कधी त्याने बरं वाटायचं, कधी कानात बोटं घालावीशी वाटायची.

डिमेलोंकडून उत्तर आलं नाही. पत्र मिळालं की नाही, कोण जाणे. बोरिवलीला जाऊन विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि हे मला आजही टोचतं. गाडी परत देता येत नाही हे खरंच. पण तो माणूस खरं सांगत होता, हे कोणीतरी त्याला समोर उभं राहून सांगायला हवं होतं.

सहाव्या महिन्यात काम पुन्हा सुरू झालं. पंच मी ठेवला, टिंबंही तीच ठेवली. पांढरे शर्ट मात्र लग्नकार्यापुरते राहिले. दिवसाला पाच सर्व्हे व्हायचे ते दोनवर आले आणि कमाईही तशीच खाली आली. एखादी वस्तू चांगली आहे असं लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ती निकामी आहे असं लिहायलाही लागला पाहिजे. एवढी साधी गोष्ट मला अकरा वर्षं हे काम करून कळली.

दोनेक वर्षांनी एका गाडीच्या भंगाराची किंमत काढायला मी पुन्हा इब्राहिमभाईंकडे गेलो. माणूस वैतागलेला होता. कोपऱ्यातल्या दोन इंजिनांकडे हात करून म्हणाले, "साहेब, धंद्यात राम राहिला नाही. तो तीन टिंबवाला आठवतो?"

"हो. त्याचं काय?"

"बिघडला तो. ही दोन्ही त्याच्या खुणेची, डोळे झाकून घेतली. उघडून बघतो तर दोन्ही खरोखरच भंगार! आता त्याच्या मालाला बाजारात कोणी हात लावत नाही. काय झालं त्याला, कोणास ठाऊक."

मी त्या इंजिनांजवळ गेलो. खाली वाकून दोन्हींवरचे तडे बोटाने चाचपले. दोन्ही जिथे होते असं मी लिहिलं होतं, तिथेच होते.