नापास मालाचा खड्डा

तलासरीच्या बाजारात दशरथ सावे हे नाव विचारलं तर दहातले आठ जण डोकं खाजवत. ‘शिक्केवाले साहेब’ म्हटलं की मात्र शेंबडं पोरही घर दाखवी. हायवेपासून थोडं आत पत्र्याचा एक लहानसा कत्तलखाना होता. तिथे रोज सकाळी कापलेली बकरी तपासायची आणि चांगल्या मालावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारायचा, ही त्यांची नोकरी. शिक्का नसलेलं मटण घ्यायचं नाही, हे गावातल्या बायका त्यांच्यामुळेच शिकल्या होत्या.

माणूस नाकासमोर चालणारा. खाटकाच्या हातचा चहासुद्धा घेत नसत. एकदा एका पुढाऱ्याच्या घरच्या जेवणावळीची दोन बकरी त्यांनी नापास केली, तर गावभर बोभाटा झाला. पण साहेब हलले नाहीत. अशा माणसाचं सगळं सरळच असेल असं आपण धरून चालतो. तिथेच आपण फसतो.

दरवर्षी हिवाळ्यात मांस-तपासणी शिकणारी मुलं आठवडाभर त्यांच्याकडे येत. सावेसाहेब त्यांना आधी गोठ्यात नेत आणि जिवंत बकरं चालवून दाखवत. लंगडतंय का, नाक वाहतंय का, कळपापासून लांब उभं राहतंय का? मग आत नेत. “आधी डोळ्यांनी बघा, मग बोटांनी दाबा. सुरी शेवटी.” अंगातल्या रसग्रंथी ते एकेक करून शोधायला लावत. “या गाठी म्हणजे नाक्यावरचे पोलीस. शरीरात चोर शिरला की पहिली धावपळ यांची. सुजली दिसली की पुढे कसून तपासा.” मग फुप्फुस, मग कलेजी. कलेजीत पांढऱ्या पापुद्र्याची पाण्याची गाठ दिसली की तो भाग नापास. नापास मालावर फिनेल ओतायचं आणि चुना टाकून तो खोल पुरायचा. “आणि हात धुवा,” हे वाक्य तर घरीदारी कायम त्यांच्या तोंडी असे.

शेवटच्या दिवशी ते एक गोष्ट सांगत. सुरुवात ठरलेली असे. “एक तपासनीस होता. तिकडे घाटावर कुठेतरी.”

घाटावर असा कोणीही तपासनीस नव्हता.

खरी गोष्ट तलासरीतच घडली होती. सत्याऐंशी सालापर्यंत कत्तलखान्यामागे नापास मालाचा खड्डा होता, पण तो नावाला. पावसाळ्यात त्यात पाणी भरे, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होई. उधव्याहून कामाला येणारा बाबल्या आपला विचारी, “सायेब, खड्ड्यात पानी भरलंय. टाकू का कुत्र्यांना?” आणि साहेब म्हणत, “टाक.” दाराशी सात-आठ कुत्री शेपट्या हलवत बसलेली असत. नियम साहेबांना ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. कुत्र्यानं ती गाठ खाल्ली की त्याच्या पोटात जंत होतात, जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, गवतावर, भाजीवर, पोरांच्या हातांवर जातात, हे परीक्षेत लिहून त्यांनी दहापैकी नऊ गुण मिळवले होते. पण पेपर लिहिणारा हात वेगळा आणि रोज पहाटे कामाला लागणारा हात वेगळा. शिवाय भुकेल्या जिवाच्या तोंडी घास जातोय, यात वाईट काय, असंही त्यांना वाटे. वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं ना!

घरीही एक कुत्रं होतं. पिकल्या चिकूच्या रंगाचं, म्हणून त्याचं नाव चिकू. मुलगी वर्षा चार वर्षांची असताना ते पिल्लू आलं आणि तिच्याच अंथरुणात वाढलं. साहेब रोज वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्यासाठी नापास मालातला तुकडा आणत. बायको सुधा ओरडे ती वर्षावर. “अगं, त्याचे मुके काय घेतेस! मरशील एक दिवस.” आया बोलतात तसं ती बोले, आणि विसरून जाई.

वर्षा नऊ वर्षांची झाली तेव्हा तिच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. तलासरीच्या डॉक्टरांनी वलसाडला पाठवलं. तिथल्या सर्जननं फोटो दिव्यासमोर धरला. “यकृतात पाण्याची गाठ आहे, मोसंबीएवढी. ऑपरेशन करावं लागेल. गाठ फुटू न देता काढायची आहे. पोटात फुटली तर मात्र जिवावर बेतेल.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अशा शेकडो गाठी त्यांनी सुरीच्या टोकानं फोडल्या होत्या. टोक लागायचा अवकाश, आतलं स्वच्छ पाणी चिळकांडी मारून बाहेर येतं. मुलांना दाखवायला ते मुद्दाम फोडत.

“घरात कुत्रा आहे का?” सर्जननं विचारलं.

“आहे की,” सुधा म्हणाली. “पण आमचा चिकू बाहेरचं कुठलं घाणेरडं खात नाही हो, डॉक्टर. हे स्वतः तपासून आणतात ना, तेच खातो.”

सर्जननं साहेबांकडे पाहिलं. साहेब काय नोकरी करतात हे केसपेपरवर लिहिलेलं होतं. 

ऑपरेशन तीन तास चाललं. गाठ अखंड निघाली. स्टीलच्या ताटलीत साहेबांनी ती पाहिली. सहा वर्षं रोज पाहिलेला माल होता तो, फक्त पोटच्या पोरीच्या पोटातून निघालेला.

चौथ्या दिवशी वर्षा उशीवर टेकून बसली आणि हळूच म्हणाली, “बाबा, आई नको म्हणत होती तरी मी चिकूचे मुके घेतले. आता नाही घेणार. सॉरी.”

तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की नाही गं बाळा, तुझी चूक नाही. साहेबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “बरं.” पुढाऱ्याला न घाबरणारा माणूस नऊ वर्षांच्या पोरीपुढे घाबरला. मला त्यांच्या हलगर्जीपणापेक्षा या ‘बरं’चा राग जास्त येतो.

घरी येताच त्यांनी कानाला खडा लावला. बाबल्याबरोबर स्वतः कुदळ घेऊन आठ फूट खड्डा खणला, त्याला झाकण केलं, भोवती कुंपण घातलं. चिकूला जंताचं औषध सुरू केलं, पण वर्षा त्याच्या जवळ जाईना. दोन वर्षांनी तो आजारी पडून मेला, तेव्हा ती खिडकीतूनच पाहत होती. दाराशी बसणारी कुत्री महिनाभर आशेनं येत राहिली, मग त्यांतली बरीच पांगली.

शहाण्णव सालच्या तुकडीत परेश नावाचा चुणचुणीत मुलगा होता आणि श्रुतिका नावाची कमी बोलणारी मुलगी. शेवटच्या दिवशी साहेबांनी घाटावरच्या तपासनिसाची गोष्ट सांगितली. ऑपरेशन झालं, मुलगी वाचली, इथे ती नेहमी संपे.

“सर, असल्या माणसाला नोकरीवरून काढायला पाहिजे होतं,” परेश म्हणाला.

श्रुतिकानं वहीतून मान वर केली. “आणि सर, त्या मुलीला माहीत आहे का, हे कशानं झालं ते?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. साहेबांनी उत्तर शोधायला नजर वळवली आणि दारात वर्षा दिसली. डहाणूच्या कॉलेजला जाता जाता बाबांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला ती आली होती. किती वेळची उभी होती, कोण जाणे.

आताही ‘तिकडे घाटावर’ म्हणून निभावून नेणं शक्य होतं. साहेबांनी सुरी खाली ठेवली.

“नाही,” ते म्हणाले. “तिला वाटतं, तिनं कुत्र्याचे लाड केले म्हणून झालं. तिच्या बापानं तिला तसं वाटू दिलं. तो तपासनीस घाटावरचा नाही. तो मीच.”

पोरं खाली बघू लागली. वर्षानं चष्म्याची डबी टेबलावर ठेवली.

“म्हणजे मी काहीच केलं नव्हतं?”

“नाही गं. तू काहीच केलं नव्हतंस.”

“नऊ वर्षं मी एकाही कुत्र्याला हात लावला नाही, बाबा. चिकू मेला तेव्हासुद्धा नाही.”

एवढं बोलून ती बाहेर पडली. साहेब मागोमाग दारापर्यंत गेले.  कुंपणापाशी एक लंगडं कुत्रं उन्हात पडलं होतं. वर्षा त्याच्यापुढून गेली, थांबली आणि परत येऊन उकिडवी बसली. तिनं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. कुत्र्यानं तो हुंगला आणि डोकं खाली घातलं. ती त्याच्या कानामागे खाजवू लागली आणि खाजवता खाजवता रडू लागली.

साहेबांच्या ओठांवर सवयीचं वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

वर्षानं वळून पाहिलंही नाही. “हात धुते, बाबा,” ती म्हणाली. “माहीत आहे मला.”